पीठ नाही, सोडा नाही, मग फुगते कशाने?

आमच्या नववीच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा भाऊ शिक्षणासाठी जर्मनीत आहे. गेल्या नाताळात त्याने आपल्या घरमालकीणबाईंकडून एक कृती उतरवून घेतली आणि घरी पाठवली. पदार्थाचे नाव 'कोकोसमाक्रोनेन', म्हणजे नारळाची माक्रोने. आपल्याकडच्या बेकरीत अशा पदार्थाला मॅकरून म्हणतात. मुलीने रविवारी खटपट करून तो पदार्थ केला आणि सोमवारी डबा घेऊन माझ्याकडे आली. डब्यात गोल टेकड्या नव्हत्या. एकमेकांना चिकटलेल्या, चपट्या, खाली ओल्या आणि कडेला करपलेल्या चकत्या होत्या.

"कोणतं खोबरं घातलंस?" मी विचारले.

"ओला नारळ खवून घातला, सर. ताजा होता."

"अगं, कृतीत सुकं खोबरं लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण का, ते कुठं लिहिलंय?"

माझ्याकडे लगेच उत्तर नव्हते. तिने पुढे विचारले, "यात पीठ नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. मग हे फुगायचं तरी कशानं?" त्यावर मी "अंड्यानं" एवढेच म्हणालो आणि तासाची घंटा झाली. हे उत्तर चुकीचे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते. प्रश्न विचारणारे मूल अशा उत्तराने गप्प होते. हे दोन-तीनदा झाले की ते विचारायचेच थांबते. म्हणून त्या आठवड्यात मी ही कृती समोर ठेवून ओळीओळीला 'का?' विचारत बसलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहे.

नाताळ आणि उरलेला पांढरा भाग

जर्मनीत नाताळच्या आधीचे चार रविवार 'आडव्हेंट' म्हणून पाळले जातात. या दिवसांत घरोघरी लहान लहान बिस्किटे भाजून पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवतात, जशी आपल्याकडे दिवाळीची तयारी चालते. चंद्रकोरीच्या आकाराची खुसखुशीत व्हॅनिला बिस्किटे आणि अशीच इतर बरीच बिस्किटे करताना अनेक घरांत अंड्याचा फक्त पिवळा बलक वापरतात. पांढरा भाग उरतो. तो वाया जाऊ नये म्हणून त्याची माक्रोने आणि दालचिनीच्या चांदण्या करतात. काटकसरीतून आलेले हे पदार्थ आहेत.

माक्रोने मुळात बदामाची. हा शब्द फ्रेंचमार्गे इटालियनमधून जर्मनीत आला. नारळ जर्मनीत पिकत नाही आणि ताजा नारळ समुद्रमार्गे तिथे पोचेपर्यंत खराब होण्याची भीती असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीलंकेत (तेव्हाच्या सिलोनमध्ये) नारळाचा कीस यंत्राने वाळवून पेट्यांत भरून पाठवण्याचे कारखाने निघाले आणि बदामाची जागा काही प्रमाणात हा कीस घेऊ लागला. साखरेची अडचण त्याआधीच सुटली होती. बीटमध्ये उसासारखीच साखर असते हे आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये 1747 साली दाखवले. त्याचा शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड याने 1801 साली बीटपासून साखर करण्याचा पहिला कारखाना उभारला. एकेकाळी श्रीमंतांची चैन असलेली साखर पुढे सामान्य घरात पोचली ती या वाटेने.

आपल्याकडे याची उलटी बाजू दिसते. गोव्यातल्या बेबिंकला पिवळे बलक आणि नारळाचे दूध लागते व पांढरा भाग उरतो. तमिळनाडूतील तुतिकोरिनची मॅकरून मात्र पांढऱ्या भागाची असतात, फक्त त्यांत नारळाऐवजी काजू असतो.

कृती

4 अंड्यांचा पांढरा भाग, 200 ग्रॅम बारीक साखर, 200 ग्रॅम सुक्या नारळाचा कीस (बाजारात डेसिकेटेड कोकोनट म्हणून मिळतो) आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब.

स्वच्छ कोरड्या भांड्यात पांढरा भाग लिंबाच्या रसासह फेटावा. फेसाला मऊ टोके येऊ लागली की साखर चमच्या-चमच्याने घालत, चकचकीत आणि घट्ट होईपर्यंत फेटत राहावे. मग नारळाचा कीस हलक्या हाताने, खालून वर घेत मिसळावा. दोन चमच्यांनी लहान ढीग करून ट्रेवर ठेवावेत आणि 150 अंश सेल्सिअसला सुमारे 18 ते 20 मिनिटे भाजावेत. वर फिकट सोनेरी रंग यावा, आत मऊपणा राहावा.

जर्मन घरांत प्रत्येक ढिगाखाली 'ओब्लाटं' नावाची पापुद्र्यासारखी पांढरी चकती ठेवतात. चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात तशीच ती पीठ आणि पाण्याची, दोन तापलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये भाजलेली असते. तिचे काम दुहेरी आहे. चिकट मिश्रण ट्रेला धरत नाही आणि खालून येणारा ओलावा ती शोषून घेते. आपल्याकडे ती सहसा मिळत नाही. त्याऐवजी बटर पेपर चालतो.

अंड्याचे हिम

आता पहिला 'का?'. फेटलेल्या पांढऱ्या भागाला जर्मन भाषेत 'आयश्ने' म्हणतात. त्याचा अर्थ अंड्याचे हिम. पांढऱ्या भागात जवळजवळ 88 टक्के पाणी आणि 10 ते 11 टक्के प्रथिने असतात. नुसते पाणी कितीही घुसळले तरी त्याचा फेस टिकत नाही. मग या दहा टक्क्यांत असे काय आहे?

प्रथिनाचा रेणू म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. पांढऱ्या भागात ती लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असते. साखळीचे काही भाग पाण्याशी मैत्री करणारे, तर काही पाण्यापासून दूर राहू पाहणारे. गुंडा वळताना पाण्याचे वावडे असलेले भाग आत लपतात. आपण फेटतो तेव्हा दोन गोष्टी घडतात. हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि गुंडे ओढले जाऊन उलगडतात. उलगडलेली साखळी हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन बसते. पाणी न आवडणारे भाग हवेकडे तोंड करतात, आवडणारे पाण्यात राहतात. शेजारच्या साखळ्या एकमेकींना धरतात आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती एक पातळ जाळे तयार होते. म्हणूनच फेस टिकतो आणि मूळ आकारमानाच्या सहा ते आठपट होतो.

पण फेटणे अति झाले तर साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरतात की मधले पाणी पिळून बाहेर पडते. फेस रवाळ होतो आणि भांड्याच्या तळाशी पाणी साचते. मग तो पुन्हा सुधारत नाही.

पिवळ्याचा एक थेंब

अंडी फोडताना पिवळ्या बलकाचा थेंबही पांढऱ्यात पडू देऊ नये, असे कृती बजावते. पिवळ्या बलकात सुमारे एक तृतीयांश स्निग्धांश असतो. स्निग्ध पदार्थाचे रेणूही हवा-पाण्याच्या सीमेवरच जागा शोधतात आणि प्रथिनांना तिथून हुसकावतात. पण त्यांना एकमेकांना धरून जाळे विणता येत नाही. भिंतीतल्या विटा काढून त्या जागी साबणाच्या वड्या बसवाव्यात तसा हा प्रकार! प्लॅस्टिकचे भांडे नको म्हणतात तेही याचसाठी. त्याच्या पृष्ठभागावर तेलकट थर सहज राहून जातो.

इथे वर्गातला एखादा विद्यार्थी नक्की अडवेल: "नारळात तर भरपूर तेल असतं, मग नारळानं फेस कसा मोडत नाही?" प्रश्न बिनतोड आहे. सुक्या किसात सुमारे 65 टक्के तेल असते. पण त्यातले बरेचसे नारळाच्या पेशींत कोंडलेले असते. शिवाय खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठते, हे हिवाळ्यात बाटली उन्हात ठेवणाऱ्या आपल्याला सांगायला नको. डिसेंबरमधल्या जर्मन स्वयंपाकघरात नारळाचे तेल घट्ट असते. तरीही कीस मिसळताना थोडी हवा जातेच. म्हणून तो सर्वांत शेवटी आणि हलक्या हाताने मिसळायचा. मे महिन्यात कोकणात हाच पदार्थ करायचा असेल तर कीस आधी फ्रिजमध्ये गार करून पाहावा.

साखर केव्हा आणि किती?

साखर सुरुवातीलाच ओतली तर पाणी दाट होते, प्रथिने उलगडायला वेळ लागतो आणि हात दुखेपर्यंत फेटूनही फेस कमी येतो. उलट फेस तयार होत असताना घातलेली साखर उपकारक ठरते. बुडबुड्यांमधले पाणी पाकासारखे दाट होते, खाली निथळत नाही, आणि फेस टिकाऊ होतो.

प्रमाणाचे गणित तर वर्गात मांडण्याजोगे आहे. आपल्याकडच्या मध्यम अंड्यात पांढरा भाग सुमारे 30 ग्रॅम असतो. चार अंड्यांचा 120 ग्रॅम, त्यात पाणी साधारण 105 ग्रॅम. 20 अंश सेल्सिअसला 100 ग्रॅम पाण्यात जवळपास 200 ग्रॅम साखर विरघळते. म्हणजे 105 ग्रॅम पाण्यात 210 ग्रॅम. आणि कृतीत साखर आहे 200 ग्रॅम! विरघळण्याच्या जवळजवळ टोकापर्यंत, पण त्याच्या आत. ज्या गृहिणींनी हे प्रमाण रूढ केले त्यांनी संपृक्त द्रावणाचा तक्ता पाहिलेला नव्हता. जास्त साखरेने कण दाताखाली येतात आणि कमी साखरेने फेस बसतो, हे त्या अनुभवाने शिकल्या असाव्यात.

साखर जाडी असेल तर ती वेळेत विरघळत नाही. चिमटीत फेस घेऊन बोटांवर चोळावा. खरखर लागली नाही की साखर विरघळली असे समजावे.

ओला नारळ का नको?

आता त्या मुलीच्या चपट्या चकत्यांकडे वळू. ओल्या नारळात सुमारे 47 टक्के पाणी असते, डेसिकेटेड किसात साधारण 3 टक्के. दोन्ही 200 ग्रॅम घेतले तर ओल्यातून 94 ग्रॅम पाणी येते, सुक्यातून फक्त 6 ग्रॅम. पांढऱ्या भागातले पाणी 105 ग्रॅम होते, ते ओल्या नारळाने जवळजवळ दुप्पट झाले. मिश्रण पातळ झाले आणि ओव्हनमध्ये घट्ट होण्याआधीच पसरले. सुका कीस नेमके उलटे करतो. तो स्वतः थोडे पाणी शोषून मिश्रणाला उभे राहायला मदत करतो.

ओल्या नारळाचा मोह असेलच तर तो खवून मंद आंचेवर, रंग बदलू न देता, कोरडा करावा. गणिताने पाहिले तर 200 ग्रॅम सुक्या किसासाठी सुमारे 365 ग्रॅम ओला कीस लागेल. घरच्या वाटीतले सुके खोबरे किसूनही चालते, मात्र त्याची चव वेगळी येते. डेसिकेटेड कीस ताज्या नारळाची तपकिरी साल काढून झटपट वाळवलेला असतो. खोबऱ्याच्या वाट्या सावकाश वाळतात, त्यामुळे वास उग्र असतो आणि कधीकधी खवटही.

ओव्हनमधली शर्यत

ट्रे ओव्हनमध्ये गेला की एक शर्यत सुरू होते. एकीकडे बुडबुड्यांतली हवा प्रसरण पावते. चार्ल्सच्या नियमाने हिशेब करू. 25 अंशांवरून (298 केल्विन) 85 अंशांवर (358 केल्विन) जाताना हवेचे आकारमान 358 भागिले 298, म्हणजे सुमारे 1.2 पट होते. पाण्याची वाफ त्यात थोडी भर घालते. फुगणे एवढेच. माक्रोने केकसारखे फुगत नाही. त्यातली हवा मुख्यतः आपण हाताने भरलेली असते. तिला फक्त जागेवर राखायचे असते.

दुसरीकडे प्रथिने उष्णतेने गोठू लागतात. त्यांपैकी एक 60 अंशांच्या थोडे वर सुरुवात करते. पण प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त असलेले ओव्हाल्ब्युमिन 80 अंशांच्या आसपास गोठते आणि मऊ फेसाला कायमचा सांगाडा देते. साखरेमुळे हे तापमान आणखी वर सरकते. सांगाडा तयार होण्याआधी ओव्हनचे दार उघडले तर हवा गार होऊन आकसते आणि ढीग बसतात. चार अंड्यांतून मिळालेली प्रथिने जेमतेम 12-13 ग्रॅम, आणि ती तोलून धरतात 400 ग्रॅम साखर-नारळ! विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

आंच मंद का? आत पाणी आहे तोवर आतले तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. पृष्ठभाग मात्र कोरडा होऊन तापतो. तिथे प्रथिनांतील अमिनो गट आणि ग्लुकोजसारख्या शर्करा यांच्यात प्रक्रिया होऊन सोनेरी रंग व खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार याने 1912 साली या प्रक्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा आणि भाजलेले दाणे यांचा खमंगपणाही याच जातीचा. आंच मोठी असली तर बाहेर करपते आणि आतली प्रथिने अजून गोठलेली नसतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून, केकसारखे भाजून पाहता येते. पण उष्णता मुख्यतः खालून येत असल्याने वर रंग कमी येतो.

नियम तपासून पाहावेत

कृतीतले सगळे नियम खरे ठरतातच असे नाही. अनेक जर्मन कृतींत पांढऱ्या भागात चिमूटभर मीठ घालायला सांगतात, फेस घट्ट व्हावा म्हणून. प्रयोगात मात्र मिठाने फेसाला मदत होत नाही. फेटायला वेळ जास्त लागतो आणि टिकाऊपणा थोडा घटतो. चवीसाठी घालायचे तर घालावे.

लिंबाचा नियम मात्र टिकतो. प्रथिनांतील गंधकयुक्त गटांमध्ये बंध तयार होऊन साखळ्या फार घट्ट जखडतात, तेव्हा फेस रवाळ होतो. आम्लामुळे या बंधांना आळा बसतो.

फ्रान्समध्ये जुन्या काळापासून पांढरा भाग तांब्याच्या भांड्यात फेटतात. का, हे शोधताना हॅरॉल्ड मॅकगी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1984 साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिले की तांबे एका विशिष्ट प्रथिनाशी बांधले जाते. पुढे मॅकगीने चांदीच्या भांड्यात प्रयोग केला. चांदी त्या प्रथिनाशी बांधली जात नाही, तरी फेस तसाच टिकाऊ झाला. तेव्हा त्याने आपले पहिले स्पष्टीकरण बाजूला ठेवले आणि धातू गंधकाच्या गटांना अडवतो असे मांडले. छापून आलेले स्वतःचेच म्हणणे पुन्हा तपासणे कसे असते, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

वर्गात करून पाहा

1. सारख्या आकाराच्या चार स्वच्छ भांड्यांत एकेका अंड्याचा पांढरा भाग घ्या. पहिल्यात काही घालू नका. दुसऱ्यात पिवळ्या बलकाचा एक थेंब, तिसऱ्यात चिमूटभर मीठ, चौथ्यात लिंबाचे तीन थेंब घाला. सारखाच वेळ फेटा. फेसाची उंची मोजा आणि अर्ध्या तासाने तळाशी निथळलेले पाणी मोजा.

2. हळदीच्या कागदावर काही दिवस ठेवलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थेंब टाका. कागद लालसर होतो का? आपल्या खाण्यातल्या बहुतेक वस्तू आम्लधर्मी किंवा उदासीन असतात. हा भाग अल्कधर्मी आहे, आणि अंडे शिळे होताना त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निघून जात असल्याने तो अधिक अल्कधर्मी होतो.

3. वर्गात अंडे न खाणारी, न हाताळणारी मुले असतील. त्यांना प्रयोगाबाहेर ठेवण्याची गरज नाही. काबुली चणे शिजवल्यावर उरलेले दाट पाणी गार करून फेटले तरी पांढरा फेस येतो, हे 2014 साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. चण्यातून उतरलेली प्रथिने आणि इतर घटक हे काम करतात. साखर आणि नारळ घालून त्याचीही माक्रोने होतात. दोन्ही फेसांपैकी कोणता लवकर बसतो, हे दोन गटांनी मिळून नोंदवावे.

एक दक्षता: कच्च्या अंड्यात रोगजंतू असू शकतात. कच्चे मिश्रण चाखू देऊ नये, हात व भांडी साबणाने धुवावीत आणि माक्रोने आतपर्यंत भाजली आहेत याची खात्री करावी.

आमच्या विद्यार्थिनीने पुढच्या रविवारी सुका कीस घेऊन पुन्हा खटपट केली. या वेळी ढीग उभे राहिले. एका ट्रेमध्ये तिने मुद्दाम अर्ध्यात ओला नारळ आणि अर्ध्यात सुका घातला होता आणि दोन्हींची उंची पट्टीने मोजून आणली होती. डबा रिकामा झाल्यावर तिने आणखी एक प्रश्न ठेवला: "सर, आजीच्या नारळाच्या वडीत अंडं नसतं, ओला नारळ असतो, तरी वडी घट्ट होते. ती कोण धरून ठेवतं?"

या वेळी मी "साखर" असे एका शब्दात सांगितले नाही. पाक आटवताना आणि वडी गार होताना साखरेचे काय होते, ते भिंगाखाली पाहायला सांगितले आहे. तुमच्या वर्गातही पाहावे.